घरचा चक्का: काय उरते आणि काय निथळून जाते

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी दही लावून ते रात्रभर कापडात निथळत ठेवले, तर मिळणारा चक्का ‘ग्रीक योगर्ट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या घट्ट दह्याइतकाच पौष्टिक असतो का, निथळलेल्या पाण्याबरोबर प्रथिने वाया जातात का, आणि नेहमीच्या दह्याऐवजी चक्का खाणे खरोखर अधिक हिताचे आहे का. आहारसल्ल्याच्या कामात हे तिन्ही प्रश्न मला वारंवार विचारले जातात, आणि ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की कृती एकीकडे आणि पोषण दुसरीकडे असे तुकडे न पाडता दोन्ही एकत्रच सांगणे मला योग्य वाटते. मुख्य उत्तर आधीच देऊन ठेवते. नीट तापवलेल्या दुधाच्या दह्यातून प्रथिने फारशी जात नाहीत. निथळून जाते ते कॅल्शियम, लॅक्टोज ही दुधातील साखर आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे. चक्क्यात नवे पोषण तयार होत नसते, दुधातल्या घटकांची केवळ वाटणी होते, आणि त्या वाटणीतला मोठा भाग दही कापडात घालण्याच्या कितीतरी आधी, दूध चुलीवर असतानाच ठरलेला असतो.

हे असे का होते ते समजून घेतले की पुढची प्रत्येक पायरी आपोआप कळते. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि उरलेली सुमारे २० टक्के ‘व्हे प्रथिने’ म्हणून ओळखली जातात. केसीन दुधात अतिसूक्ष्म पुंजक्यांच्या रूपात तरंगत असते आणि या पुंजक्यांना कॅल्शियम फॉस्फेटने बांधून ठेवलेले असते. विरजणातील जिवाणू लॅक्टोजपासून लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात, तेव्हा दुधाचा सामू, म्हणजे पीएच, ६.६ च्या आसपासून खाली येऊ लागतो. तो ४.६ च्या जवळ पोहोचला की पुंजक्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा विद्युतभार नाहीसा होतो, ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे एक सलग जाळे तयार होते. पाणी, स्निग्धांश आणि पाण्यात विरघळलेले सर्व काही या जाळ्यात अडकून राहते. यालाच आपण लागलेले दही म्हणतो. याच वेळी आणखी एक गोष्ट नजरेआड घडते: आम्लामुळे कॅल्शियम फॉस्फेट विरघळते आणि केसीनमध्ये घट्ट बसलेले कॅल्शियम सुटून पाण्यात येते. पोषणाच्या हिशेबात ही गोष्ट निर्णायक ठरते.

आता व्हे प्रथिनांचे पाहू. ती केवळ आम्लाने गोठत नाहीत. दूध कच्चे किंवा जेमतेम तापवलेले असेल, तर ही प्रथिने पाण्यात विरघळलेलीच राहतात आणि निथळताना पाण्याबरोबर निघून जातात. परंतु दूध ७० अंश सेल्सिअसच्या बरेच वर नेऊन काही काळ तिथेच ठेवले, तर यांपैकी प्रमुख असलेल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनाची घडी उलगडते, ते केसीनच्या पुंजक्यांच्या पृष्ठभागाला जोडले जाते आणि पुढे दह्याच्या जाळ्याचाच भाग बनते. त्यामुळे प्रथिने मागे राहतात, जाळे अधिक बारीक आणि बळकट होते, आणि दह्याला अवेळी पाणी सुटत नाही. यासाठी दूध ८५ अंशांवर सुमारे अर्धा तास किंवा ९० ते ९५ अंशांवर ५ ते १० मिनिटे ठेवावे लागते. पाश्चरीकरणात दूध साधारणपणे ७२ अंशांवर केवळ १५ सेकंद ठेवतात. तेवढ्याने रोगजंतू मरतात, पण हे काम होत नाही. ‘दूध पाश्चरीकृतच आहे, मग पुन्हा कशाला तापवायचे’ असे म्हणून ते नुसते कोमट करून विरजण लावणे हे घरचा चक्का सैल होण्याचे आणि त्यातली प्रथिने वाया जाण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

प्रत्यक्ष करताना जाड बुडाचे पातेले घ्यावे, दुधाला उकळी फुटण्याच्या बेतात आणावे आणि मग आच अगदी मंद करून अधूनमधून तळापासून ढवळत १० ते १५ मिनिटे तसेच ठेवावे. थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर कडेने बारीक बुडबुडे येत राहतील आणि दूध उतू जाणार नाही इतकी आच पुरेशी असते. ढवळण्याने साय धरत नाही. सायीत स्निग्धांशाबरोबर प्रथिनेही अडकतात आणि ती चक्क्यात गुठळ्यांच्या रूपाने येतात, म्हणून चक्का करायचा असेल तेव्हा साय धरू न देणे बरे. या वेळात थोडे पाणी उडून जाते आणि दूध किंचित दाट होते, तोही फायदाच आहे.

दूध कोणते घ्यावे, याचे उत्तर चव आणि प्रयोजन यांवर अवलंबून आहे, पण एक गणित मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावे. निथळताना प्रथिने आणि स्निग्धांश ही दोन्ही मागे राहतात, त्यामुळे दुधात त्यांचे परस्परांशी जे प्रमाण असते, जवळजवळ तेच चक्क्यात कायम राहते. गाईच्या साईसकट दुधात दोन्ही साधारण सारखीच, म्हणजे १०० ग्रॅममागे ३.३ ग्रॅमच्या आसपास असतात. अशा दुधाच्या चक्क्यात जेवढी प्रथिने तेवढाच किंवा थोडा अधिक स्निग्धांश येणार. म्हशीच्या दुधात प्रथिने ४ ग्रॅमच्या जवळपास आणि स्निग्धांश ७ ग्रॅमच्या आसपास असतो. त्याचा चक्का अतिशय घट्ट आणि मुलायम होतो, पण त्यात प्रथिनांपेक्षा स्निग्धांश जवळजवळ दीडपट ते पावणेदोनपट असतो. बाजारातील साध्या, साईच्या दुधाच्या ग्रीक योगर्टमध्ये सामान्यतः १०० ग्रॅममागे ९ ग्रॅम प्रथिने आणि ५ ग्रॅम स्निग्धांश आढळतो. हे प्रमाण घरच्या पूर्ण साईच्या दुधातून कितीही वेळ निथळले तरी येणार नाही, कारण तिथे दुधातील स्निग्धांश आधीच कमी केलेला असतो. ज्यांना डब्यावरच्या आकड्यांच्या जवळ जायचे आहे, त्यांनी दीड ते दोन टक्के स्निग्धांशाचे दूध घ्यावे. साय पूर्णपणे काढलेल्या दुधाचा चक्काही होतो आणि त्यात प्रथिनांचा वाटा सर्वाधिक असतो, पण तो थोडा खरखरीत आणि कोरडा लागतो. त्याची आंबट चवही अधिक जाणवते, कारण आंबटपणा सौम्य करणारा स्निग्धांश तिथे नसतो.

तापवलेले दूध ४२ ते ४५ अंशांपर्यंत निवले की विरजण लावावे. एवढे गरम दूध बोटाला चांगले उबदार लागते, पण चटका बसत नाही. एक लिटर दुधाला एक मोठा चमचा, म्हणजे १५ ते २० ग्रॅम ताजे दही पुरते. विरजण अधिक घातले तर दही लवकर लागेल हे खरे, पण आम्लता घाईने वाढते, जाळे जाडसर बनते आणि दह्यातून नको तेव्हा पाणी सुटते. योगर्टच्या विरजणात स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस हे दोन जिवाणू जोडीने काम करतात. यांपैकी दुसरा स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १९०५ मध्ये जिनिव्हा येथे दह्यात शोधून काढला होता. या जोडीला ४० ते ४५ अंशांची ऊब मानवते आणि चार ते सहा तासांत दही लागते. घराघरांत वर्षानुवर्षे चालत आलेल्या विरजणात याशिवाय २५ ते ३० अंशांत वाढणारे इतर लॅक्टिक जिवाणूही असतात, त्यामुळे असे दही साध्या खोलीच्या तापमानालाही लागते; मात्र त्याला ८ ते १२ तास लागतात. चक्क्यासाठी दोन्ही चालतात. थोड्या कमी ऊबेत, सावकाश लागलेल्या दह्याचे जाळे बारीक असते आणि त्याचा चक्का अधिक मऊ होतो, असा माझा अनुभव आहे.

या टप्प्यावर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दही केव्हा थांबवायचे. पातेले किंचित कलते केल्यावर दही कडेपासून एकसंध सुटते आणि वर जेमतेम पाण्याचा थेंब दिसतो, तेव्हाच ते शीतकपाटात ठेवावे. चांगले आंबट होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही, कारण निथळताना आंबटपणा आणखी थोडा वाढतच असतो. शीतकपाटात किमान चार तास, शक्य असल्यास रात्रभर, न हलवता ठेवलेले दही आवळून घट्ट होते. ऊन दही लगेच कापडात ओतले तर पाणी झपाट्याने निघते खरे, पण त्याबरोबर मऊ दहीही कापडातून बाहेर येते आणि खाली जमा झालेले पाणी दुधाळ दिसते.

निथळण्यासाठी घट्ट विणीचे सुती कापड किंवा दुहेरी केलेले मलमल घ्यावे. ते दर वेळी पाच ते दहा मिनिटे पाण्यात उकळून, पिळून वापरावे. साबणाचा वास राहिलेले कापड चक्क्याची चव बिघडवते आणि अर्धवट वाळवून ठेवलेल्या कापडात यीस्ट व बुरशी वाढतात. चाळणीवर कापड पसरून ती खोल भांड्यावर ठेवावी आणि दही डावाने मोठ्या वड्यांप्रमाणे काढून त्यात अलगद ठेवावे. दही घुसळून किंवा फेटून कापडात घालू नये, कारण जाळे मोडले की त्याचे बारीक कण पाण्याबरोबर वाहून जातात. सुरुवातीच्या काही मिनिटांत आलेले पाणी गढूळ असेल तर ते पुन्हा वरून ओतावे. तोवर कापडाच्या आतल्या बाजूला दह्याचा पातळ थर बसलेला असतो आणि तोच पुढे गाळणीचे काम करतो. कापडाची टोके वर घेऊन झाकावीत आणि सगळे भांडे शीतकपाटात ठेवावे. पुरचुंडी बांधून खोलीत टांगून ठेवण्याची पद्धत जुनी आहे आणि थंड हवेत दोन-तीन तासांसाठी ती चालते. पण उबदार हवेत रात्रभर टांगलेला चक्का आंबट तर होतोच, शिवाय त्यात यीस्टची वाढ होऊन तो दोन दिवसांत फसफसू लागतो. थंडीत निथळायला वेळ अधिक लागतो. तो लागू द्यावा.

किती वेळ निथळावे, या प्रश्नाला तासांत दिलेले उत्तर नेहमीच अपुरे पडते, कारण कापडाची वीण, दह्याचा घट्टपणा आणि थराची जाडी यांनुसार वेळ बदलतो. अंदाज म्हणून सांगायचे तर एक किलो दह्यातून शीतकपाटात दोन-तीन तासांत साधारण एक तृतीयांश वजनाचे पाणी निघते, आठ तासांच्या सुमारास निम्मे आणि पुढच्या तासांत हळूहळू ६० ते ६५ टक्के. पण माझा आग्रह वजनाचा आहे. दही घालण्यापूर्वी त्याचे वजन करावे आणि खाली जमलेले पाणी मोजावे. एक किलो दह्यातून ५०० ग्रॅम पाणी निघाले की चमच्याने खाण्याजोगे घट्ट दही तयार असते, ६०० ग्रॅम निघाले की दाट चक्का, आणि ७०० ग्रॅमच्या जवळ गेले की सुरीने पसरता येईल इतका घट्ट गोळा. पाणी मोजलेले असले की पोषणाचा हिशेबही आपोआप हाती येतो. मधल्या वेळात एकदा स्वच्छ चमच्याने कापडाला चिकटलेला घट्ट थर आतल्या बाजूस ओढून घ्यावा, कारण तो थर जाड झाला की पाणी अडते. वर वजन ठेवायचे असेल तर शेवटच्या टप्प्यात आणि हलकेच ठेवावे. हाताने पुरचुंडी पिळणे पूर्णपणे टाळावे. चक्का अपेक्षेपेक्षा कोरडा झाला तर घाबरण्याचे कारण नाही. निघालेल्या पाण्यातलेच दोन-चार चमचे परत घालून फेटले की तो हवा तसा होतो. निथळल्यानंतर एकदा फेटणे तसेही आवश्यक असते, कारण कडेचा भाग कोरडा आणि मधला ओलसर असतो.

आता हिशेब मांडू. गाईच्या साईसकट एक लिटर दुधाचे साधारण एक किलो दही झाले आणि त्यातून ६०० ग्रॅम पाणी निघून ४०० ग्रॅम चक्का उरला असे धरू. मूळ दुधात सुमारे ३३ ग्रॅम प्रथिने होती. दूध नीट तापवलेले असेल, तर पाण्याबरोबर साधारण ३ ग्रॅमच जातात आणि ३० ग्रॅमच्या आसपास मागे राहतात, म्हणजे १०० ग्रॅम चक्क्यात सुमारे ७.५ ग्रॅम. साध्या दह्यात हाच आकडा ३.५ ग्रॅमच्या आसपास असतो. स्निग्धांश जवळजवळ सगळा मागे राहतो, म्हणजे १०० ग्रॅममागे ८ ग्रॅमच्या थोडा वर. कर्बोदके ४ ग्रॅमच्या जवळपास राहतात. या सर्वांची मिळून १०० ग्रॅम चक्क्यात सुमारे १२० किलोकॅलरी ऊर्जा होते, तर तेवढ्याच साध्या दह्यात ती ६० च्या आसपास असते. हाच चक्का दीड टक्का स्निग्धांशाच्या दुधाचा केला, तर प्रथिने तेवढीच राहून ऊर्जा सुमारे ८० किलोकॅलरीपर्यंत खाली येते. बाजारातील साय काढलेल्या दुधाच्या ग्रीक योगर्टमध्ये १०० ग्रॅममागे १० ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि ६० किलोकॅलरीच्या जवळपास ऊर्जा आढळते. घरी तिथे पोहोचायचे तर साय काढलेल्या दुधाचे दही निथळून त्याचे वजन जवळजवळ एक तृतीयांशावर आणावे लागते. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की प्रथिनांच्या बाबतीत घरचा चक्का बाजारातल्याची बरोबरी करू शकतो, पण दूध आणि निथळण्याची मर्यादा या दोन गोष्टी आपण ठरवून निवडल्या तरच.

कॅल्शियमची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही. वर सांगितल्याप्रमाणे दही लागताना कॅल्शियम केसीनपासून सुटून पाण्यात येते, त्यामुळे जेवढे पाणी निथळते, निदान तेवढ्या प्रमाणात कॅल्शियमही जाते. एक लिटर दुधात सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आपल्या उदाहरणात त्यातले ७०० मिलिग्रॅमहून अधिक पाण्याबरोबर जाऊन चक्क्यात ४५० मिलिग्रॅमच्या आसपास उरते. १०० ग्रॅमचा आकडा पाहिला तर ११० मिलिग्रॅम दिसतो, जो साध्या दह्याच्या जवळपासच आहे, आणि म्हणून ‘काही कमी झाले नाही’ असा समज होतो. पण तुलना १०० ग्रॅमशी न करता मूळ दुधाशी केली, की आपण एक लिटर दूध खर्चून निम्म्याहून कमी कॅल्शियम घेतो हे स्पष्ट दिसते. आणखी एका बाजूने पाहू. कोणी १५० ग्रॅम चक्का खाल्ला तर त्याला सुमारे ११ ग्रॅम प्रथिने आणि १७० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. तेवढीच प्रथिने साध्या दह्यातून घ्यायची तर ३०० ग्रॅमहून थोडे अधिक दही लागेल, पण त्यातून ३५० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम मिळेल. प्रौढांसाठी दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हे प्रमाण अनेक देशांत धरले जाते. ज्यांचा या गरजेसाठी मुख्य भरवसा दह्यावरच आहे, विशेषतः वाढत्या वयातील मुले आणि हाडे विरळ होऊ लागलेल्या वयातील स्त्रिया, त्यांनी सगळे दही चक्क्याच्या रूपात खाऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगते. पोटॅशियम आणि ब गटातील काही जीवनसत्त्वे यांचीही वाट बरीचशी अशीच असते. निथळलेल्या पाण्याला येणारी पिवळसर हिरवट झाक ही रायबोफ्लेव्हिनची, म्हणजे ब२ जीवनसत्त्वाची असते. अ जीवनसत्त्व स्निग्धांशात विरघळणारे असल्याने ते मात्र चक्क्यात राहते.

काही कारखान्यांत दही निथळण्याऐवजी दूधच अतिसूक्ष्म गाळणीतून दाट केले जाते आणि मग विरजले जाते. तिथे पाणी बाहेर पडते तेव्हा कॅल्शियम अजून केसीनमध्ये बसलेले असते, त्यामुळे ते बऱ्याच प्रमाणात टिकते. घरी ही सोय नाही, पण त्याच्या जवळ जाणारा मार्ग आहे: विरजण्यापूर्वी एक लिटर दुधात ४० ते ५० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून मग दूध तापवावे. ५० ग्रॅम भुकटीतून सुमारे १७ ग्रॅम प्रथिने आणि ६०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. दही न निथळताही बऱ्यापैकी घट्ट लागते. चक्क्याइतका घट्टपणा त्याला येणार नाही आणि लॅक्टोज वाढेल, हे मात्र ध्यानात घ्यावे.

लॅक्टोजमुळे ज्यांना दुधाने पोट फुगणे किंवा जुलाब असा त्रास होतो, त्यांना चक्का सहसा सोसतो, आणि त्याला दोन कारणे आहेत. विरजताना जिवाणू दुधातील लॅक्टोजचा साधारण पाव भाग वापरतात, आणि उरलेल्यापैकी मोठा भाग पाण्याबरोबर निथळतो. त्यामुळे १५० ग्रॅम चक्क्यात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज राहते, तर २०० मिलिलिटर दुधात ते ९ ते १० ग्रॅम असते. दुसरे म्हणजे दह्यातील जिवंत जिवाणूंकडे लॅक्टोज पचवणारे एन्झाइम असते आणि ते आतड्यात पोहोचून काम करते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये हा परिणाम मान्य केला, पण त्यासाठी दर ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत ही अट आहे. म्हणून चक्का तापवून खाल्ला, तर प्रथिने तेवढीच मिळतात, जिवाणूंचा लाभ मात्र राहत नाही. इथे एक सावधगिरी आवश्यक आहे: लॅक्टोज न पचणे आणि दुधाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जी प्रथिनांची असते आणि चक्क्यात प्रथिने दाट झालेली असतात, त्यामुळे अशा व्यक्तीने, विशेषतः लहान मुलाने, चक्का खाऊन पाहण्याचा प्रयोग करू नये.

निथळलेले पाणी टाकून द्यावे का, याचे उत्तर आता उघड आहे. त्यात प्रथिने १०० ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमच्या आसपासच असतात, त्यामुळे ‘हे व्हे प्रथिनांचे पाणी आहे’ म्हणून व्यायामानंतर ते पिण्यात प्रथिनांच्या दृष्टीने अर्थ नाही. प्रथिनांची भुकटी ज्या पाण्यापासून करतात ते मुख्यतः चीज करताना निघालेले, कमी आंबट पाणी असते. याच कारणाने हे पाणी उकळून त्यातून पुन्हा मऊ साका काढण्याचा प्रयत्नही फसतो, कारण तो ज्या प्रथिनांचा बनतो ती आपण दूध तापवतानाच चक्क्यात बांधून घेतलेली असतात. परंतु निथळून गेलेले सगळे कॅल्शियम याच पाण्यात आहे. पीठ भिजवताना, सूप किंवा रस्सा पातळ करताना, भात शिजवताना साध्या पाण्याच्या जागी ते वापरले तर वाटणीत गेलेला हिस्सा जेवणात परत येतो. त्याच्या आंबटपणामुळे कडधान्ये शिजायला वेळ लागतो, म्हणून ती मऊ शिजल्यावरच ते घालावे. शीतकपाटात झाकून ते चार-पाच दिवस राहते.

चक्का स्वतः स्वच्छ, कोरड्या डब्यात, ४ ते ५ अंशांच्या शीतकपाटात पाच ते सात दिवस चांगला राहतो. दर वेळी कोरडा चमचा वापरावा. वर थोडे पाणी दिसणे हा बिघाड नव्हे; पण गुलाबी किंवा नारिंगी छटा, यीस्टचा वास, बुडबुडे किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा भाग काढून उरलेला वापरू नये, सगळाच टाकावा. पुढच्या विरजणासाठी दही निथळण्यापूर्वीच चमचाभर बाजूला काढून ठेवणे सोयीचे असते.

प्रमाणाविषयी शेवटचा मुद्दा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. १५० ग्रॅम चक्का यातला पाचवा हिस्सा सहज भरतो, आणि दुधातील प्रथिनांत सर्व आवश्यक अमायनो आम्ले पुरेशी असल्यामुळे तो हिस्सा दर्जेदारही असतो. मात्र साईसकट दुधाच्या तेवढ्या चक्क्यात १२ ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यातला ८ ग्रॅमच्या आसपास संपृक्त असतो; २००० किलोकॅलरीच्या आहारात संपृक्त स्निग्धांशाची मर्यादा सुमारे २२ ग्रॅम धरली जाते, त्यामुळे रोज खाणाऱ्यांनी कमी सायीचे दूध निवडणे शहाणपणाचे आहे. साखर किंवा गोड फळांचा पाक मिसळला की हा सगळा हिशेब बदलतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने आणि फॉस्फरस दोन्हींमुळे चक्क्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. एक वर्षाखालील बाळाला तो आईच्या दुधाची किंवा बाळदुधाची जागा म्हणून देऊ नये. थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांनी गोळी आणि चक्का यांत चार तासांचे अंतर ठेवावे, कारण कॅल्शियममुळे औषध नीट शोषले जात नाही. टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके चालू असतानाही हीच अडचण येते, आणि त्यांच्यासाठी किती अंतर ठेवायचे ते औषध लिहून देणाऱ्यालाच विचारावे.